घंटी वाजवली होती

मागच्या पावसाळ्यात मी एका काकूंना सायकलनं पाडलं. पुण्यात, नव्यानं केलेल्या एका रुंद फुटपाथवर, सकाळी साडेसातच्या सुमाराला. फुटपाथच्या एका कडेला सायकलींसाठी रंगवलेली पट्टी होती, तिचा रंग निम्मा उडालेला. काकू त्या पट्टीतून चालत होत्या, कारण चालणाऱ्यांच्या भागात पाणी साचलं होतं. मी मागून आलो, घंटी वाजवली, त्या डावीकडे सरकतील असं धरून चाललो आणि उजवीकडून पुढे काढायला गेलो. त्या दचकून उजवीकडेच सरकल्या. माझं ढोपर सोलवटलं. त्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

त्या खाली बसलेल्या असताना माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "काकू, घंटी वाजवली होती मी."

त्या म्हणाल्या, "ऐकली की रे. पण तू कुठल्या बाजूनं येतोयस ते घंटी थोडंच सांगते?"

संध्याकाळी मी आमच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झालेला प्रकार लिहिला. शिव्या पडतील असं वाटलं होतं. पडलं ते सांत्वन. ट्रॅक सायकलींचा आहे, तुझा दोष नाही. या मॉर्निंग वॉकवाल्यांना अक्कलच नसते. कानात इयरफोन असणार (नव्हते). पुढच्या वेळी मोठा हॉर्न बसव, एअरहॉर्न मिळतो ऑनलाइन. एकानं तर लिंकही पाठवली. काकूंचा हात कसा आहे, हे चाळीस जणांपैकी दोघांनी विचारलं.

हा लेख त्या सांत्वनाच्या विरोधात आहे.

त्या मेसेजेसमधला 'सायकल' हा शब्द काढून तिथे 'कार' घाला, आणि 'चालणारे' काढून 'सायकलवाले' घाला. रस्ता गाड्यांचा आहे. सायकलवाल्यांना अक्कलच नसते. हॉर्न दिला होता मी. ही वाक्यं आमच्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी खिडकीची काच खाली करून बोलणाऱ्या माणसाकडून ऐकली आहेत, आणि प्रत्येक वेळी आमचं पित्त खवळलं आहे. मोठ्या वाहनानं लहान वाहनाची काळजी घ्यावी, हे तत्त्व आम्ही टी-शर्टवर छापून मिरवतो. तेच तत्त्व एक पायरी खाली उतरून आमच्याकडे आलं की मात्र आम्हाला ट्रॅकची मालकी आठवते. फुटपाथवर, बागेत, टेकडीच्या वाटेवर, नदीकाठी, जिथे जिथे सायकल आणि माणूस एकाच जागेत आहेत तिथे आपणच 'कारवाले' आहोत, हे आधी कबूल करायला हवं.

हे भावनेचं नाही, गणिताचं आहे. मी आणि माझी सायकल मिळून ८५ किलो धरा. ताशी २० किलोमीटर वेगानं जाताना आमच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी तेच वजन साधारण दीड मीटरवरून, म्हणजे पाच फुटांवरून, खाली सोडल्यावर जमिनीला टेकताना असते. वेग १० वर आणला की हीच उंची चाळीस सेंटिमीटरच्या आसपास येते. वेग निम्मा, धडक पाव. त्यात मेंदूला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवा. २० च्या वेगानं तेवढ्यात साडेपाच मीटर सरलेले असतात, आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. चालणाऱ्याच्या बाजूनं हेच गणित पाहिलं तर त्याला मागून येणारा दिसतच नाही, सुक्या टायरचा आवाज येत नाही, आणि पडल्यावर हेल्मेट नसतं. दोन किलोमीटरचा फुटपाथ २० च्या वेगानं सहा मिनिटांत संपतो, १० च्या वेगानं बारा मिनिटांत. सगळं भांडण या सहा मिनिटांचं आहे.

यावर येणारे आक्षेप मला तोंडपाठ आहेत, कारण त्यातले बरेच मी स्वतः केलेले आहेत.

पहिला आक्षेप असा की ट्रॅक सायकलींसाठी आहे, तर लोक त्यात येतातच कशाला? जरा सायकलवरून उतरून चालून बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. प्रत्यक्षात तेवढ्या जागेत विजेची पेटी असते, झाड असतं, स्टँडवर लावलेल्या तीन स्कूटर असतात, वडापावची गाडी आणि तिच्याभोवती खाणारी माणसं असतात. सलग सपाट जागा उरते ती सायकलच्या पट्टीचीच. ढकलगाडीत बाळ घेऊन निघालेली आई तिथे येणारच. समजा, जागा मोकळी असूनही कुणी सवयीनं ट्रॅकमध्ये आलं, तरी त्यातून फार तर एवढंच निघतं की त्यानं बाजूला व्हायला हवं. मी वेग कमी करायचा नाही, असं त्यातून निघत नाही. सिग्नल हिरवा झाला म्हणून अजून रस्ता ओलांडत असलेल्या माणसावर गाडी घालायची परवानगी मिळते का?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चूक नियोजनाची आहे, दोन दुबळ्यांना एकाच फुटपाथवर कोंडलं तर ते भांडणारच. हे मला निम्मं नाही, पूर्ण मान्य आहे. जंगली महाराज रस्त्यासारख्या ठिकाणी फुटपाथ रुंद झाले, ते झालेच पाहिजे होते. पण सायकलची पट्टी चालणाऱ्यांच्या शेजारी त्याच पातळीवर आली, आणि मधली सीमा म्हणजे फरशीच्या रंगातला फरक. पुणे महापालिकेचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, त्याआधी पादचारी धोरणही झालं. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्यायोग्य फुटपाथ हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कागदावर काही कमी नाही. तरी सायकलसाठी जागा काढायची वेळ आली की मोटारींच्या लेनला हात लावायची हिंमत होत नाही, आणि फुटपाथच्या कडेला रंगाची बादली ओतली जाते. आपण आणि काकू एकमेकांवर खेकसत असताना शेजारच्या लेनमध्ये एकेक माणूस घेऊन निघालेल्या गाड्यांची रांग निवांत उभी असते.

पण मग राग कुणावर काढायचा? नियोजनावर राग असेल तर महापालिकेत अर्ज द्या, हरकती नोंदवा, नगरसेवकाच्या दारात बसा. आमच्या ग्रुपचा राग तसा वर जात नाही, तो ताशी वीसच्या वेगानं खाली, काकूंच्या मनगटावर उतरतो. 'व्यवस्थेचा दोष आहे' हे वाक्य खरं असूनही ते कोण, कुणाला आणि कधी म्हणतंय यावर त्याचा अर्थ ठरतो. पाडणाऱ्यानं पडलेल्याला म्हटलं की ती पळवाट होते.

तिसरा आक्षेप असा की चालणाऱ्यांचं काहीच कर्तव्य नाही का? चौघी हात धरून आडव्या चालतात, कुत्र्याचा पट्टा अख्ख्या वाटेवर ताणलेला असतो, मोबाइलमध्ये मुंडी घालून माणसं मध्येच थांबतात. कर्तव्य आहेच. पट्टा आखूड धरावा, थांबायचं तर कडेला थांबावं, मागून कुणी 'येतोय' म्हटलं तर सरळ रेषेत चालत राहावं. पण फुटपाथ ही शहरातली एकच सार्वजनिक वाट आहे जिथे माणसाला बेसावध असायची मुभा आहे. रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, बसमध्ये चढताना पाकीट सांभाळावं लागतं. चालताना तरी डोक्यात हिशेब, मुलीचं लग्न, गाणं, काहीही असू द्यावं. लहान मूल अचानक पळणार, आजोबांना ऐकू येणार नाही, कुणाला दिसणार नाही. सावध राहण्याचं काम ज्याच्याकडे वेग आहे त्याचं.

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ मध्ये हेच लिहून टाकलं गेलं: जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त, आणि या उतरंडीत सायकलस्वारावर चालणाऱ्याची जबाबदारी स्पष्ट टाकलेली आहे. सामायिक वाटेवर वेग कमी करा, घंटी वाजवून किंवा सौजन्यानं हाक देऊन आपण आल्याचं कळवा, समोरच्याला ऐकू येत नसेल हे लक्षात ठेवा, मागून वेगानं आणि खेटून जाऊ नका, असं तिथे म्हटलं आहे. जपानचा कायदा आणखी कडक. फुटपाथवर परवानगी असेल तिथेही सायकलनं रस्त्याकडच्या बाजूनं हळू जायचं, चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचं, आणि लोकांना बाजूला सारायला घंटी वाजवायची नाही. घंटीबद्दल या दोन देशांचं मत वेगळं आहे, वेगाबद्दल एकच.

आणि आपल्याकडे शिस्त नव्हतीच असंही नाही. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे गुन्हे होते, पोलीस चौकात धरायचे. माझे आजोबा अजून त्या दंडाची गोष्ट सांगतात. तेव्हा सायकल हे वाहन होतं, म्हणून तिला नियम होते. पुढे मधली वर्षं ती गरिबाची झाली, आणि परत आली ती पुण्यकर्म होऊन: पर्यावरण, फिटनेस, स्ट्राव्हावरचे विक्रम. पुण्य करणाऱ्याला नियम कोण सांगणार? आजही आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका गर्दी दिसली की सायकलवरून उतरून ती हातात धरून चालतात. साठ हजारांच्या सायकलवरून उतरलेला माणूस मी आमच्या ग्रुपमध्ये पाहिलेला नाही. क्लीट्सवाल्या बुटांनी चालता येत नाही म्हणे.

हे आत्ताच ठरवायला हवं, कारण पुढची लाट दारात आहे. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ च्या आतली विजेची दुचाकी आपल्याकडे मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी नको, चालकाला लायसन्स नको. दहा मिनिटांत किराणा पोचवायचा दट्ट्या मागे असलेला मुलगा उद्या ती घेऊन त्याच पट्टीत शिरेल, आणि त्याला अडवताना आपण काय सांगणार? घंटी वाजव?

मी स्वतःपुरते नियम केले आहेत. माणसं दिसली की वेग १०. आधी ब्रेक, मग आवाज. घंटीऐवजी शब्द: "काकू, उजवीकडून येतोय." वाट अरुंद असली की उतरायचं. जोरात जायचं असेल त्या दिवशी रस्त्यावरून जायचं, आणि रस्त्याची भीती वाटत असेल तर ती भीती चालणाऱ्याच्या अंगावर ढकलायची नाही, मोटारींच्या लेनमधून जागा मागायची. हे मी ग्रुपवरही टाकलं. तिघांनी अंगठा दिला, एकानं लिहिलं, "मग चालतच जा ना."

प्लॅस्टर निघाल्यावर मी काकूंना भेटायला गेलो. चहा झाला. हात बरा आहे, पोळ्या लाटताना अजून दुखतो म्हणाल्या. सकाळचं फिरणं सुरू झालं का, असं विचारलं. हो, रोज फिरते, पण आता खाली पार्किंगमध्ये, बत्तीस फेऱ्या होतात. फुटपाथवर का नाही, हे मी विचारलं नाही. त्याच बोलल्या, "मागून काहीतरी येतंय असंच वाटत राहतं रे."