माझे मत : ६१७४ ला गणिताच्या तासात जागा हवी



अंकांशी खेळत बसलेलं पोर दिसलं की मोठी माणसं म्हणतात, "अरे, पाढे पाठ कर. हे खेळ काय कामाचे?" पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण खेळ बिनकामाचे, हे मला मुळीच पटत नाही.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. पुढे कितीही वेळा केले तरी तेच, कारण ७६४१ - १४६७ = ६१७४.

हे शोधले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. ते काही मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते, देवळालीला शाळेत मास्तर होते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. पुष्कळ विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिले, तेव्हा कुठे मास्तरांचे नाव जगभर झाले.

मास्तरांचा जन्म डहाणूचा, १९०५ चा. तेच साल घेऊ :

९५१० - ०१५९ = ९३५१
९५३१ - १३५९ = ८१७२
८७२१ - १२७८ = ७४४३
७४४३ - ३४४७ = ३९९६
९९६३ - ३६९९ = ६२६४
६६४२ - २४६६ = ४१७६
७६४१ - १४६७ = ६१७४

सातच्या सात लागल्या!

यात हातच्याची वजाबाकी किती वेळा झाली ते मोजा. वहीत वीस उदाहरणं दिली की पाचव्यालाच जांभया येतात. इथे सात कधी झाली कळतसुद्धा नाही. शिवाय तपासायला गुरुजी लागत नाहीत. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज करा, ती नवाच्या पाढ्यातलीच येते. दोन्ही संख्यांत अंक तेच, म्हणून ९ ने भागल्यावर बाकीही तीच उरते आणि वजाबाकीत ती उडून जाते. बेरीज पाढ्यात बसली नाही तर समजायचं, हातचा विसरला!

तिसरीच्या मुलांनी तीन अंकी घ्यावी, ती ४९५ वर थांबते. दोन अंकी मात्र कुठेच थांबत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, अशी घाण्याच्या बैलासारखी फिरते. (९ आले की ०९ लिहायचे बरं का!)

आणखी एक. ६ + १ + ७ + ४ = १८. आता ६१७४ ला १८ ने भागा. ३४३ येतात, म्हणजे ७ × ७ × ७. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना मास्तरांनीच हर्षद संख्या असे नाव दिले.

म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक तास अशा खेळांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला पाढे अडतात, त्यालाही त्या तासाला फळ्यापर्यंत जावंसं वाटेल.

पालकांनो, खाली खडू ठेवला आहे. आपलं जन्मसाल मांडून पाहा. १९६० ला सात वजाबाक्या लागतात, १९४७ ला पाच. आणि २०१३ साली जन्मलेल्यांचे तर तिसरीलाच काम फत्ते!

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी