वर्ल्ड चॅम्पियन कोण, हे निम्मं निवडीच्या टेबलावरच ठरतं

मंडळी, जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाल्यापासून माझ्या इनबॉक्सात वेगळेच प्रश्न यायला लागलेत. एरवी पाणी, खड्डे, नगरपालिका. आता पोरं विचारतात, सर, सप्टेंबरात माँट्रियलला सायकलिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे, कोण मारणार? आणि आपली पोरं तिथं पुढे कधी दिसणार? दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच कागदावर दिसतं, आणि तो कागद म्हणजे देशाच्या संघाची यादी.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हे सायकलपटू वर्षभर कंपन्यांच्या संघाकडून पळतात, पगार तिथून घेतात. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रोड रेसला मात्र देशाची जर्सी घालायची. म्हणजे कालपर्यंत ज्याला पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या तो आज प्रतिस्पर्धी, आणि कालचा प्रतिस्पर्धी आज तुमचा कॅप्टन. त्यात कानात रेडिओ लावायलाही बंदी. मागे काय चाललंय, कोण पुढे गेलं, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

आता हे सगळ्यांना जमतं का? 2013 ची फ्लोरेन्सची शर्यत बघा. शेवटच्या टप्प्यात स्पेनचे दोघं, रॉड्रिगेझ आणि व्हाल्व्हेर्दे, पदकाच्या लढाईत. रॉड्रिगेझ पुढे निसटलेला. त्याच्या मागे पोर्तुगालचा रुई कोस्टा सुटला, आणि व्हाल्व्हेर्दे काही त्याच्या चाकाला लागला नाही. कोस्टा आणि व्हाल्व्हेर्दे वर्षभर एकाच कंपनीच्या संघात होते. कोस्टा जिंकला, रॉड्रिगेझ दुसरा आणि पोडियमवर डोळ्यांत पाणी, व्हाल्व्हेर्दे तिसरा. मुद्दाम केलं की पायांत दम नव्हता, यावर लोक अजून वाद घालतात. माझं म्हणणं एवढंच की स्पेनने दोन राजे निवडले होते, वजीर निवडलाच नव्हता.

बेल्जियमचं 2021 ला घरच्याच मैदानावर, लूव्हेनला, तेच झालं. कॅप्टन वाऊट व्हॅन आर्ट. तरुण रेम्को एव्हनपूल लांबूनच पुढे गेला, मग त्याच्यासाठी राबला. व्हॅन आर्टचे पाय त्या दिवशी चाललेच नाहीत, फ्रान्सचा अलाफिलिप सलग दुसऱ्यांदा चॅम्पियन झाला. नंतर एव्हनपूल टीव्हीवर बोलला की आपल्यात जिंकायची ताकद होती, आणि तिथून जी भांडणं लागली ती आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या तिकीटवाटपाला लाजवतील. पुढच्याच वर्षी वोलोंगाँगला तो एकटा पुढे निघून जिंकला.

म्हणून मी फेव्हरिटच्या याद्या जपून वाचतो. मागच्या सप्टेंबरात रवांडात किगालीला, आफ्रिकेतल्या पहिल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला, बायकांच्या शर्यतीत सगळ्यांच्या तोंडी डेमी व्होलेरिंग आणि पॉलीन फेराँ-प्रेव्हो. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. तू पाठलाग कर, नाही तू कर. तेवढ्यात कॅनडाची मॅगडलीन व्हॅलियेर निघून गेली. कोणाच्याच यादीत नसलेलं नाव. ही बाई क्विबेक प्रांतातल्या शेरब्रूकची, आणि यंदाची शर्यत त्याच प्रांतात, माँट्रियलला! यंदा मात्र तिला कोणी मोकळं सोडणार नाही.

पुरुषांत मात्र टाडेज पोगाचारने किगालीत अशा चर्चेला जागाच ठेवली नाही. 267.5 किलोमीटरची शर्यत, साडेपाच हजार मीटरच्या आसपास चढ, आणि हा गडी शंभरहून जास्त किलोमीटर बाकी असताना माँट किगालीच्या चढावर सुटला. त्याच्यासोबत जे दोघं टिकले ते स्पेनचा आयुसो आणि मेक्सिकोचा देल तोरो. तिघंही यूएईच्या एकाच संघातले, जर्सी तीन देशांच्या! पुढे तेही गळाले. एव्हनपूल दुसरा, आयर्लंडचा बेन हीली तिसरा. शर्यत पूर्ण केली फक्त 30 जणांनी.

माँट्रियलला त्याला सलग तिसरं विजेतेपद हवंय, जे आजवर फक्त पीटर सागानने केलंय. माँट रॉयलचा चढ पोगाचारला पाठ आहे, तिथली ग्रां प्री त्याने 2022 आणि 2024 ला जिंकलीय. तरी मी एक नाव लक्षात ठेवायला सांगेन, मॅथ्यू व्हॅन डर पूल, 2023 चा चॅम्पियन. 1974 ला याच माँट्रियलला एडी मर्क्सच्या मागे दुसरा आलेला रेमंड पुलिडोर हा त्याचा आजोबा. किगालीला तो गेलाच नव्हता. आता नेदरलँड्सने त्याला निवडलं आणि सोबत खरंच राबणारी पोरं दिली तर मजा आहे. नुसती मोठी नावं भरली तर फ्लोरेन्सची पुनरावृत्ती.

आता आपल्याकडे येऊ. प्रत्येक देशाला किती जागा हे जागतिक क्रमवारीवर ठरतं. वरच्या देशांना आठ-आठ, त्यांच्या खालच्यांना सहा, मग चार, बाकीच्यांच्या वाट्याला त्याहून कमी. गतविजेत्याची जागा आणखी वेगळी. क्रमवारी ठरते गुणांवर आणि गुण मिळतात यूसीआयच्या शर्यतींत, ज्या बहुतेक युरोपात. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत त्याला गुण नाहीत, गुण नाहीत म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून प्रायोजक नाही. एकटा माणूस पाठवला तर त्याला पाणी कोण आणून देणार, वाऱ्यात पुढे कोण राहणार? आठ जणांच्या संघापुढे तो कितीही तगडा असला तरी दोनशे किलोमीटरनंतर संपलेला असतो.

म्हणूनच पुण्याची शर्यत मला रस्त्यांच्या डांबरापेक्षा मोठी वाटते. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती. ही 437 किलोमीटरची स्पर्धा यूसीआयच्या 2.2 दर्जाची आहे, म्हणजे घरच्या मातीत गुण मिळायची सोय. पण एका वर्षाच्या गुणांनी काही होत नाही, ते दरवर्षी जमावे लागतात. डांबर टिकलं आणि शर्यत बंद पडली तर पोरांच्या हाती फक्त फोटो.

आणि निवड. जिल्हा संघांच्या निवडीच्या बातम्या मी वीसेक वर्षं लावतोय. निकष विचारले की चहा येतो, निकष येत नाहीत. चाचणी कधी होती हे पोरांना चाचणी झाल्यावर कळतं. स्पेन-बेल्जियमची भांडणं निदान उघड्यावर होतात, कोणाला का घेतलं यावर प्रशिक्षकाला कॅमेऱ्यापुढे उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडच्या संघटनेने पुढच्या हंगामाचे निकष, चाचणीची तारीख आणि प्रत्येकाची वेळ आधीच वेबसाइटवर टाकावी. याला पैसे लागत नाहीत. या आठवड्यात मी तसं पत्र लेखी देतोय, उत्तर आलं की इथेच टाकीन. ज्यांच्या घरात सायकल मारणारं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, पत्राला जोडतो.