दाराशी उभे परक्याचे धन

मालकी आणि उपभोग ह्या दोन गोष्टी एकच, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांची समजूत वाटते तितकी जुनी नाही. आपले आजे-पणजे गिरगावात, दादरला भाड्याच्या खोल्यांतून तीन तीन पिढ्या राहिले. तेथेच मुंजी लागल्या, तेथेच बाळंतपणे झाली. आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छत्राखाली त्या खोल्या कागदावर घरमालकाच्या असूनही मनाने आपल्या झाल्या. पुढे कुटुंबे वाढली, जागा अपुरी पडली, आणि बोरिवली-दहिसर ओलांडून कित्येक घरे मिरा रोड-भाईंदरला स्वतःच्या मालकीच्या जागेत आली. मालकीची खरी गोडी आपणांस लागली ती इकडे आल्यावर. म्हणूनच भाडेकराराने आलेली एक उंची जर्मन बनावटीची सेडान मोटार आमच्या दाराशी तीन वर्षे राहून परत गेली, तेव्हा तिच्यासंबंधी चार शब्द लिहावेसे वाटले.

२०२२ च्या दसऱ्याला ती आली. माझा पुतण्या वांद्रे-कुर्ला संकुलातील एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. कचेरीमार्फत मोटार घेतली तर भाड्याचा हप्ता कर आकारण्यापूर्वीच पगारातून वजा होई. आणि १९६२ च्या आयकर नियमांप्रमाणे, काम व घर ह्या दोन्हींसाठी वापरल्या जाणाऱ्या, १.६ लिटरहून मोठ्या इंजिनाच्या मोटारीची सवलत म्हणून त्या वेळी महिन्याला अवघे २,४०० रुपये, आणि चालक असल्यास आणखी ९०० रुपये, एवढेच उत्पन्नात धरले जात. लाखोंच्या मोटारीस हा हिशेब कोणासही मोह पाडील असाच होता.

पहिला प्रश्न निघाला तो पूजेचा. झेंडूची माळ घालावयाची, नारळ वाढवावयाचा. पण मोटार आपली नाही, मग पूजा कोणाची? ह्यावर आमच्या आईने निकाल दिला, "दसऱ्याला आपण पाटीपुस्तकाची पूजा करतो ती त्यांच्या किमतीसाठी का? ज्याच्यावर आपले काम चालते त्याला हात जोडायचे." कायद्याचा निकाल मात्र याहून मौजेचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'मालक' शब्दाची जी व्याख्या आहे, तीत भाडेकराराने ज्याच्या ताब्यात वाहन आहे त्यालाच मालक म्हटले आहे. अर्थात जबाबदारीपुरते आम्ही मालक, आणि विकावयाची वेळ आली की परके!

मोटारीचे सुख मोठे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. विरार लोकलच्या गर्दीत वीस वर्षे उभ्याने प्रवास केलेल्या माझ्या बंधूंना, काशीमिऱ्याच्या चौकात अर्धा तास अडकूनही, थंडगार बैठकीवर बसून वर्तमानपत्र वाचता येई. दहिसरच्या नाक्यावरची रांग तेवढी जाचक होती; १४ ऑक्टोबर २०२४ पासून शासनाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला, तेव्हा खिशाला तो जाच उरला नाही. पण करारात वर्षाला २०,००० किलोमीटरांची मर्यादा होती आणि तिच्यापुढे प्रत्येक किलोमीटरला वेगळा आकार. त्यामुळे घरात एक नवीनच काटकसर सुरू झाली. वहिनींना माहेरी ठाण्याला जावयाचे तर घोडबंदरच्या रस्त्याने जाऊन येऊन किती आकडा चढेल, याची चर्चा होऊ लागली. साखर-तेलाच्या बाबतीत ज्या घरात पाहुण्यांसमोर कधी हिशेब झाला नाही, तेथे नातेवाइकाला स्थानकावर सोडण्याचा हिशेब झाला.

पावसाळा हा दुसरा परीक्षक. आपले गाव खाडी आणि मिठागरे यांच्या कुशीत सखल जमिनीवर वाढलेले. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकत्र आली की रस्त्यांतून पाणी तुंबते. ही मोटार लांब आणि जमिनीला टेकलेली. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करू पाहिले तर पाणी आत ओढले जाऊन ते कायमचे निकामी होते, आणि साधा विमा असले नुकसान सहसा भरून देत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ही गोष्ट मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. आमची मोटार पावसाचे कित्येक दिवस इमारतीच्या वरच्या वाहनतळावर झाकून ठेवलेली असे, आणि पुतण्या लोकलने कचेरीस जाई. भाडे मात्र त्या दिवसांचेही चालू राही.

तथापि ह्या साऱ्या गोष्टी किरकोळ म्हणाव्यात अशी एक गोष्ट २०२४ साली घडली. पुतण्याला पुण्याच्या एका संस्थेत शिकविण्याचे काम चालून आले. पगार कमी, पण त्याच्या विद्येला आणि स्वभावाला ते शोभणारे होते. त्याने करार काढून वाचला. नोकरी सोडली तर मोटार परत करावी लागणार होती, आणि मुदतीपूर्वी करार मोडल्याबद्दल जी रक्कम भरावयाची ती त्याच्या कित्येक महिन्यांच्या शिलकीएवढी होती. नव्या संस्थेकडे असा करार आपल्या नावे करून घेण्याची सोय नव्हती. आठ दिवस तो कोणाशी फारसा बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने पुण्याला नकार कळविला. मोटार त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे दाराशी झळकत उभी होती. पण बांधलेला कोण आणि बांधणारा कोण, हे त्या दिवशी घरात सर्वांना कळले.

तिच्या पदरी एक पुण्यही आहे, ते सांगितलेच पाहिजे. २०२३ च्या हिवाळ्यात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने एकदा गुहागर पाहण्याची इच्छा बोलून दाखविली. गुडघ्यांमुळे आगगाडी आणि एस्.टी. दोन्ही तिला वर्ज्य होत्या. चिपळूणवरून गुहागरपर्यंतचा तीनशेएक किलोमीटरांचा रस्ता ती आडवी होऊन, मध्ये झोप काढून गेली, व्याडेश्वराचे दर्शन घेऊन आली. त्या वेळी किलोमीटरांचा हिशेब कोणी काढला नाही. आई आता नाही. ती सफर आहे.

२०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास मुदत संपली. ठरलेल्या किमतीस मोटार विकत घेण्याची मुभा होती. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून करांचे दर बदलले. दीड लिटरहून मोठ्या इंजिनाच्या सेडानवर २८ टक्के कर आणि २० टक्के उपकर मिळून जो ४८ टक्क्यांचा बोजा होता, तो ४० टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भाव उतरणारच. तो तोटा खऱ्या मालकाच्या माथी राहिला, हा भाडेकराराचा निर्विवाद लाभ होय. मोटार परत न्यावयास आलेल्या गृहस्थांनी ओरखडे मोजले, दोन ठिकाणचे पैसे लावले, आणि ती गेली.

भाड्याने वस्तू घेऊ नये, असे सांगण्याचा माझा हेतू नाही. ज्यांचे पूर्वज भाड्याच्या खोल्यांत सुखाने नांदले त्यांनी असे म्हणणे शोभणारही नाही. परंतु चाळीतला भाडेकरू नोकरी बदलू शकत होता. त्याचे भाडे त्याच्या धन्याच्या हाती नव्हते. म्हणून सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून हप्ता, विमा, टायर, किलोमीटर हे विचारावेच. पण सर्वांआधी शेवटचे पान उघडून, मध्येच सोडावयाचे झाले तर काय पडेल, ते वाचावे. ती रक्कम भरण्याची ऐपत असेल तर ऐश्वर्य खुशाल भाड्याने आणावे. नसेल, तर हप्ता कितीही हलका असला तरी ती वस्तू आपणांस महागच पडेल.

पुतण्याने पुण्याला पुन्हा अर्ज केला आहे. सध्या तो भाईंदरहून सकाळची लोकल पकडतो.