खिशातला उजेड

मराठी माणसाने ज्या वस्तूंच्या बारशात घोळ घालून ठेवला आहे, त्यांत विजेरीचा नंबर फार वर लागावा. कोशात तिला 'विजेरी' म्हणतात. पण कोशाबाहेर तिला त्या नावाने हाक मारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शहरात ती 'टॉर्च' आणि गावात 'बॅटरी'. बरे, बॅटरी जर ही, तर हिच्या पोटात जी बॅटरी असते तिला काय म्हणायचे? तर 'सेल'. दिवाळीच्या दिवसांत दुकानांच्या दारांवर 'सेल' म्हणून ज्या पाट्या लागतात, त्यांचा आणि याचा काही संबंध नाही. क्रियापदाची तर आणखीच मौज. समई आपण लावतो, चूल पेटवतो, पण बॅटरी मात्र मारतो. ''जरा इकडे बॅटरी मार रे'' असे म्हटल्याने कुणालाही मार बसत नाही. वर्गात हे उदाहरण मी दरसाल देतो. मुले हसतात आणि व्याकरण त्यांना तेवढ्यापुरते गोड लागते.

या सदरात एरवी भाषेच्या अशाच गमतीजमती असतात. पण दिवाळी अंकात जागा ऐसपैस मिळते, म्हणून आज शब्दावरून वस्तूकडे वळतो. त्याला कारणही घरातलेच आहे. यंदा आम्हाला दोन विजेऱ्या घ्यायच्या होत्या. एक माझ्या भाच्यासाठी. हा पठ्ठ्या मित्रांबरोबर रात्रीचा कळसूबाई चढायला निघाला होता. दुसरी माझ्या आईसाठी. ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहते.

''अहो, विकत कशाला घ्यायची? फोनला दिवा असतोच की!'' ही आमच्या सौभाग्यवतींची पहिली हरकत. हरकत रास्त आहे आणि जिन्यात पडलेली किल्ली शोधायला फोनचा दिवा पुरतोही. पण ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आदळले, तेव्हा त्या पट्ट्यातल्या कित्येक गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी फोनची उरलीसुरली वीज कशासाठी राखायची? मुंबईच्या मुलाला 'आम्ही सुखरूप आहोत' हे कळवण्यासाठी, की न्हाणीघराची वाट दाखवण्यासाठी? शिवाय फोनचा उजेड जवळच पसरतो, दूरचे काही दाखवत नाही. पावसात फोन बाहेर काढवत नाही. आणि हातातून निसटला तर दिवा आणि निरोप दोन्ही एकदमच जातात. सौ.ना हे पटले. निदान त्या गप्प बसल्या.

दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर सात-आठ नग मांडले. लहानपणी पाहिलेली ती लांबलचक, चकचकीत, तीन मोठ्या सेलांची आणि प्रसंगी चोराच्या डोक्यात घालता येईल अशी विजेरी त्यांत नव्हती. ही सगळी बोटभर मंडळी. पण अंगावरचे आकडे पाहावेत! एकीवर हजार लुमेन, दुसरीवर तीन हजार, आणि अंगठ्याएवढ्या एकीवर चक्क लाख!

''मामा, ही लाखवाली घेऊ या का?'' भाच्याचे डोळे आधीच दिपले होते.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. हातात धरायच्या नळीसारख्या विजेरीचे अमेरिकन पेटंट डेव्हिड मिझेल या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या इंग्रज माणसाला १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. त्या काळचे सेल इतके अशक्त आणि दिव्यातली तार इतकी खादाड, की सलग जाळली तर विजेरी लगेच धापा टाकू लागे. म्हणून क्षणभर चमकवायची, विसावा द्यायचा, पुन्हा चमकवायची. अमेरिकेत तिला जे 'फ्लॅशलाइट' म्हणजे चमकदिवा असे नाव पडले ते यावरूनच. आजच्या विजेरीत तार नसते, एलईडी असतो. निळा उजेड देणारा एलईडी साधला आणि त्यावर पिवळसर लेप चढवून पांढरा उजेड मिळवता आला. त्या निळ्या दिव्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विजेरी बोटभर झाली ती त्यांच्या पुण्याईने.

पण पुण्याई कितीही असली तरी बोटभर नळीतून लाख लुमेन निघत नाहीत. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो वाढवला की उष्णताही वाढते आणि एवढ्याशा अंगाला ती सोसत नाही. म्हणून चांगली विजेरीसुद्धा आपला सर्वांत मोठा उजेड काही मिनिटेच देते आणि मग आपणहून खाली येते. शिवाय एकूण उजेड किती, यावरून तो कुठवर पोचेल हे कळत नाही. तांब्याभर पाणी अंगणात शिंपडले तर सडा होतो आणि तेच पिचकारीतून उडवले तर समोरच्या गॅलरीतल्या काकूंपर्यंत जाते; तसेच हे.

मग खोक्यावर वाचायचे तरी काय? २००९ साली अमेरिकेत विजेऱ्यांच्या मोजणीची एक पद्धत ठरली. बरेच चांगले उत्पादक ती पाळतात आणि खोक्यावर 'एफएल १' अशी खूण छापतात. तिच्यातल्या दोन गोष्टी गृहस्थाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पल्ला. 'पल्ला १०० मीटर' याचा अर्थ, शंभर मीटरांवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो. चांदण्यात माणूस दिसतो, पायाखालचा खळगा दिसेलच असे नाही. पन्नास मीटरांवर तोच उजेड चौपट होतो. म्हणून पल्ला निम्माच धरून चालावा. दुसरी, वेळ. 'दहा तास चालते' याचा अर्थ, उजेड मूळच्या एक दशांशावर उतरेपर्यंत दहा तास लागतात. पगाराच्या आकड्याप्रमाणेच येथेही हाती किती पडते ते वेगळे विचारावे.

हे सारे ऐकल्यावर दुकानदाराने लाखवाली मुकाट्याने आत ठेवली.

भाच्याची गरज उघड होती. कळसूबाई महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि शिडीवर दोन्ही हात लागतात. तेथे विजेरी दातांत धरण्यापेक्षा कपाळाला बांधायचा दिवा बरा. तो त्याच्या मित्राकडे जादा होता. मग खिशातल्या विजेरीचे काम काय? धुके उतरले की कपाळावरचा उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. त्या वेळी विजेरी कमरेजवळ, खाली धरावी. उजेड जमिनीलगत जातो, प्रत्येक दगडाची सावली पडते आणि खोलगट जागा ओळखू येते. त्याच्यासाठी '१८६५०' हा सेल असलेली घेतली. हा आकडा नुसता सेलाचे माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. हा सेल पुनःपुन्हा भारता येतो, पण तो सुटा कधीही किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नये. दोन टोके जुळली तर तापून पेट घेऊ शकतो. विमानाने जाताना असे जादा सेल हातातल्या सामानात न्यायचे असतात. खोक्यावर 'आयपीएक्स ७' असेल तर ती विजेरी मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरते. मग सह्याद्रीतल्या पावसाची काळजी नको. आणखी एक पाहिले. शेपटीचा आटा थोडा सैल केला की ती बंदच राहते. नाहीतर पिशवीत चुकून लागते, आणि शिखरावर पोचल्यावर हाती येते ती गरम आणि रिकामी नळी.

''आणि वर पोचलास की ती बंद कर,'' मी त्याला बजावले. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका झगझगीत झोताने ती सगळी कमाई पाण्यात जाते. मेअखेरीस नि जूनमध्ये राजमाची-भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

आईच्या विजेरीचा प्रश्न मात्र मला वाटला होता त्याहून अवघड निघाला. विजेरी तिच्याकडे नव्हती असे नाही. गणपतीत गावी गेलो होतो तेव्हा पाहिले, रात्री दहाच्या सुमारास ती पडवीतून उतरली आणि अंगण ओलांडून गोठ्याकडे निघाली. हातात विजेरी आणि विजेरी बंद!

''अगं आई, बॅटरी मार ना!''

''सेल संपतात रे. आणि वाट काय आजची आहे? पन्नास वर्षं पायाखालची आहे माझ्या.''

वाट पायाखालची असते, हे खरेच. पण वाटेवर काय आहे ते रोज निराळे असते. कोकणात फुरसे पुष्कळ. जेमतेम फूट-दीड फुटाचे, मातीच्याच रंगाचे, रात्री फिरणारे आणि अत्यंत विषारी. मण्यारही रात्रीचीच. त्यांना आमच्या आईची पन्नास वर्षांची वहिवाट ठाऊक असण्याचे कारण नाही. जो पिढ्यान्‌पिढ्या काटकसरीने जगला, तो माणूस उजेडही डब्यातल्या तुपासारखा पुरवून वापरतो. अशा माणसाला तीन हजार लुमेनांची विजेरी दिली तर तो तिला कपाटात ठेवील!

म्हणून तिच्यासाठी मी उलट्या बाजूने सुरुवात केली: पेटवताना जिचा हात आखडणार नाही अशी विजेरी कोणती? दोन पेन्सिल सेलांची, वजनाला हलकी. बटण एकच आणि ते बोटाला चाचपून सापडेल असे. पहिल्या दाबाला मंद उजेड, दुसऱ्याला मोठा, तिसऱ्याला बंद. पोलिसांच्या गाडीसारखी लुकलुक करणारी तिसरी तऱ्हा नको. उजेड निळसर पांढरा नको, किंचित पिवळसर हवा. वाळक्या पानांतले तपकिरी काही त्यात वेगळे उठून दिसते. पेन्सिल सेल मुद्दाम निवडले, कारण भिंतीवरच्या घड्याळाला तेच लागतात आणि वाडीतल्या दुकानातही ते मिळतात.

दसऱ्याला ती विजेरी घेऊन गेलो. आईने अंगणात नेऊन तिचा मंद उजेड पाहिला. ''कंदिलाएवढा आहे. पुष्कळ झाला,'' म्हणाली. मग सेलांचा विषय निघालाच. मी कागद घेऊन बसलो. खोक्यावर मंद उजेडाचे तास तीस लिहिलेत. आपण निम्मे, पंधराच धरू. रोज रात्री सगळी मिळून पाव तास मारलीस, तर साठ दिवस.

''म्हणजे दोन महिन्यांना एक जोडी?''

''एक जोडी.''

''मग मारीन,'' ती म्हणाली.

आता वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून आटोपते घेतो. जुनी विजेरी मरताना हळूहळू तांबडी होत जाई, म्हणजे आधी सूचना देई. नव्या पुष्कळशा शेवटपर्यंत सारख्या जळतात आणि एकाएकी डोळे मिटतात. म्हणून एक जादा जोडी जवळ असू द्यावी. न वापरता पडून राहणाऱ्या विजेरीतून साधे सेल काढून ठेवावेत. ते पाझरतात आणि आत पांढरी पुटे चढून विजेरी निकामी होते. खोलीत वीज गेली तर विजेरी टेबलावर उभी करून झोत छताकडे सोडावा, सगळी खोली उजळते आणि कुणाचे डोळे दिपत नाहीत. आणि तिची घरातली जागा ठरलेली असावी, दाराजवळच्या खिळ्याला दोरीने टांगलेली; अंधारात विजेरी शोधायला दुसरी विजेरी लागू नये!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या मांडून झाल्या की एकदा ती विजेरीही लावून पाहा. सेल बदलायचे असतील तर त्याच दिवशी बदला. आणि तुमच्या घरी, किंवा दूर गावी, अंधारात बंद बॅटरी हातात घेऊन चालणारे कुणी वडीलधारे असेल, तर या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून तो पाव तासाचा हिशेब जरूर मांडा.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा!