संमतीपत्रातील ती ओळ
दुर्बिणीचे ऑपरेशन, तीन-चार भोके, दोन-तीन दिवसांत घरी. म्हणून नातेवाईक संमतीपत्र न वाचताच सही करतात. आम्ही कारकून माणसे, बारीक अक्षर आधी वाचतो. त्यात ‘गरज पडल्यास पोट उघडून’ अशी ओळ असते.

अमेरिकेत सेंट लुईस येथे डॉ. राल्फ क्लेमन व सहकाऱ्यांनी १९९० साली दुर्बिणीने पहिले मूत्रपिंड काढले. आता आपल्याकडेही ते होते. पण मूत्रपिंडाशेजारी आतडे, प्लीहा, मोठ्या रक्तवाहिन्या असतात. क्वचित त्यांना इजा होते. वेळीच दिसली तर आतड्याला टाके घालतात, प्लीहेचे रक्त दाबून थांबवतात. रक्त आवरेना तर पोट उघडतात. त्याला डॉक्टरची हार म्हणणे आम्हाला पटत नाही. वेळीच उघडणारा डॉक्टर अधिक भरवशाचा.

खरी भीती न दिसलेल्या इजेची. विजेच्या हत्याराचा चटका आतड्याला बसला, तर भोक काही दिवसांनी पडते. तोवर रुग्ण घरी! ताप नसला तरी एकाच भोकापाशी वाढते दुखणे, फुगलेले पोट, जुलाब हे ‘गॅस’ समजून ओवा खात बसू नये. डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच रात्री रुग्णालय गाठावे आणि सीटी स्कॅन लागेल का, हे विचारावे.