आजारांची यादी पुन्हा कशाला?

रुग्णालयांनी सॉफ्टवेअरसाठी आजारांची यादी स्वतःच करावी, हे गेल्या अंकातील पत्रातले मत मला धोक्याचे वाटते. एकाच टाइप २ मधुमेहाची एकीकडे ‘शुगर’, दुसरीकडे ‘डीएम टू’ अशी नोंद असली, की रुग्णाने दवाखाना बदलताच संगणकाला आजार ओळखता येत नाही. ‘स्नोमेड सीटी’ या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात टाइप २ मधुमेहाला ४४०५४००६ हा क्रमांक आहे आणि हा आजार मधुमेहाचा एक प्रकार आहे, हे नातेही तिथे नोंदलेले आहे. भारत २०१४पासून स्नोमेडच्या संस्थेचा सदस्य असल्याने इथे परवाना शुल्क पडत नाही. आयुर्वेदातली निदाने त्यात बसत नाहीत, हा आक्षेप रास्त होता. पण पुण्याच्या सी-डॅकमधील स्नोमेडच्या राष्ट्रीय केंद्राने त्याला आयुर्वेदासह आयुष पद्धतींच्या संज्ञांची जोड दिली आहे. उणीव दिसली तर तिथे कळवावी, नवी यादी मांडू नये.
– एक वाचक, पुणे