एका स्वल्पविरामाची मजुरी

घरात मूल तिलावत करत असले की मोठ्यांचे कान थांबण्याच्या जागांवर असतात. लहानसा ‘मीम’ आला की थांबायचे, नुसता ‘लाम-अलिफ’ आला की थांबायचे नाही, ‘जीम’ असेल तर दोन्ही चालते. एवढी काळजी का, हे सूरह माऊन वाचताना कळते. चौथ्या आयतीवरच वाचन सोडून दिले तर ताकीद सगळ्याच नमाजींना आहे असा समज होईल. ती नमाजेविषयी गाफील असणाऱ्यांना आहे, हे पाचवी आयत सांगते.

इंग्रजी लिहिताना मात्र आपली मुले स्वल्पविराम मीठ भुरभुरावे तसा टाकतात, नाहीतर टाकतच नाहीत. म्हणून या वेळी आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत.

अमेरिकेतील मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी आहे. तिच्या गाड्यांवरील चालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला. आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त काम झाले तर दीडपट मजुरी द्यावी, असा तिथला कायदा. पण नाशवंत मालाची काही कामे त्यातून वगळलेली होती. त्या कामांची यादी स्वल्पविराम देत देत लिहिली होती आणि तिच्या शेवटी शब्द होते, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता.

कंपनीचे म्हणणे, पॅकिंग हे एक काम आणि वितरण हे दुसरे. दोन्ही वगळलेली आहेत. चालकांचे म्हणणे, ‘फॉर’नंतरचे दोन्ही शब्द पॅकिंगलाच जोडलेले आहेत, रवानगीसाठी असो की वितरणासाठी, वगळले आहे ते फक्त पॅकिंग. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोहोचवतो. 2017 मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवला आणि कामगारांच्या बाजूने कौल दिला. 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

आता घरातली उदाहरणे घेऊ. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे, इज अ डॉक्टर.’ इथे दोन्ही स्वल्पविरामांमधला मजकूर ही जादा माहिती आहे. ती काढली तरी भाऊ कोणता याचा घोळ होत नाही; भाऊ एकच आहे असे वाचणारा धरतो. दोन्ही स्वल्पविराम काढले तर अर्थ होतो, अनेक भावांपैकी पुण्यात राहणारा तो डॉक्टर. कुटुंबाची माहिती लिहून देताना हा फरक लहान नाही. आणि यातला एकच स्वल्पविराम ठेवणे तर नेहमीच चूक.

दुसरे उदाहरण रजेच्या अर्जातले. ‘बीइंग इल, माय फादर टुक मी टू द हॉस्पिटल.’ मुलीला सांगायचे होते की ती आजारी होती, पण या वाक्यात आजारी पडले ते अब्बा! असा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला आला की तो स्वल्पविरामानंतर येणाऱ्या कर्त्याला चिकटतो. त्यामुळे कर्ता स्पष्ट सांगावा: ‘ऍज आय वॉज इल, माय फादर टुक मी टू द हॉस्पिटल.’ मराठीत विभक्तीचे प्रत्यय अर्थ बराच सांभाळून घेतात, शब्द पुढेमागे झाले तरी चालते. इंग्रजीत ते काम बहुतांशी शब्दाची जागाच करते. म्हणून जो शब्द ज्याच्याविषयी सांगतो, तो त्याच्या शेजारीच बसवावा.

मुलांना आम्ही एकच सवय लावायला सांगू. लिहून झाले की मोठ्याने वाचा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारा, यातून काय समजले? दोन अर्थ निघत असतील तर स्वल्पविरामाच्या भरवशावर राहू नका. लांब वाक्य तोडून दोन छोटी वाक्ये करा.

कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ही जबाबदारी तिने त्याच्यावर टाकली आहे. भाड्याचा करार असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की नोकरीचे पत्र, आपल्या एका खुणेवर कुणाचा तरी हक्क टांगलेला असू शकतो. सही करण्यापूर्वी ती खूण एकदा पाहून घ्यावी.